संध्याकाळपर्यंत परत आणतो

कपाटकाकूंच्या घरात कपाट नव्हतं. नवा माणूस हे ऐकून हसायचा, पण गल्लीतल्या कुणाची हसायची छाती नव्हती. सगळ्या गल्लीचे कपडे काकूंच्या इस्त्रीखालून जायचे, आणि ज्याने कपाटावरून चेष्टा केली त्याच्या सदऱ्याची कॉलर पुढचा महिनाभर सरळ बसायची नाही. दुकानात लोकांचे कपडे फळ्यांवर घड्या मोडणार नाहीत असे नीट रचलेले. मागच्या दोन खोल्यांत मात्र घरचे कपडे ट्रंकेत, पलंगाखाली, दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, जिथे जागा मिळेल तिथे. सून घरात आल्यापासून म्हणत होती, "आई, एक साधं पत्र्याचं तरी कपाट घेऊ या ना." काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "आपलं आहे एक. ते आलं की ठेवू."

ते कुठे आहे हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. क्रांतीच्या संग्रहालयात, मधल्या दालनात, दोरखंडाच्या कुंपणात. शेजारी पाटी होती: हात लावू नये.

त्याचं असं झालं. काकूंचं लग्न झालं त्याच वर्षी क्रांतीही झाली. काकूंचे वडील सुतार. त्यांनी लेकीला स्वतःच्या हाताने कपाट करून दिलं, जाड लाकडाचं, दोघांना जागचं न हलणारं. आणि नवरोबांनी काय करावं? दुसऱ्याच दिवशी दाढीचा आरसा टांगायला त्याच्या दारात हा एवढा खिळा ठोकला! काकूंनी खिळा उपटून त्यांच्या हातात दिला आणि अबोला धरला. भोक राहिलं ते राहिलंच.

अबोला सुटतोय न सुटतोय तोच बाहेर आरडाओरडा झाला. पलटण शहरात घुसत होती आणि रस्ता अडवायला पोरं घराघरांतून सामान ओढून आणत होती. पलंग, बाकं, पिंपं, एका वकिलाचा तर पियानोसुद्धा. काका पोस्टमन, अख्खं शहर ओळखीचं. चार मित्र दारात उभे राहिले आणि काकांना काही नाही म्हणवेना. आयजीच्या जिवावर बायजी उदार! कपाट बाहेर निघालं.

"संध्याकाळपर्यंत परत आणतो," काका म्हणाले.

काकू खिडकीतून किंचाळल्या, "मेल्यांनो, पाय तरी नीट धरा! ओरखडा आला तर एकेकाला बघून घेईन!"

संध्याकाळी काका आले. काजळीने काळे झालेले, पण धडधाकट, आनंदाने रडवेले, आणि हात हलवत. क्रांती जिंकली होती. काकूंनी विचारलं, "कपाट?"

"उद्या नक्की," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच कपाटावर चढून पुढाऱ्यांनी विजयाचं भाषण केलं, आणि पुढारी ज्यावर चढतो ते मग मूळ मालकाचं थोडंच राहतं? कपाट राष्ट्राचं झालं, संग्रहालयात गेलं. काका मागायला गेले तर तिथला साहेब म्हणाला, "पावती आहे?" आता गोळीबारात पावती कोण फाडणार! काका पुन्हा गेले, दर वर्षी गेले. मुलगा झाला, त्याला मिशा फुटल्या, त्याचं लग्न झालं, आणि काका आपले जातच राहिले. जन्मभर माणसाने लोकांच्या वस्तू घरपोच केल्या, स्वतःच्या घरची एवढी एक पोचवता आली नाही. रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर आरसा टेकवून, पाठीत वाकून दाढी करायचे. आणि काकू मागून रोज एकदा तरी म्हणायच्याच, "संध्याकाळ झाली का हो?"

गेल्या वर्षी काका गेले. अगदी शेवटी शेवटी म्हणाले, "कपाट तेवढं राहिलं गं." काकूंनी म्हणायला हवं होतं, "राहू दे हो, कुणाला हवंय ते." पण एवढ्या वर्षांची जिभेची सवय. "झोपा आता," एवढंच बोलल्या. ते त्यांच्या मनाला फार लागून राहिलं होतं. आता त्यांना ते कपाट कपड्यांसाठी नकोच होतं. ह्या माणसाने दिलेला शब्द खोटा पडू नये, एवढंच होतं.

अशात इतिहासवाले सर उगवले. युद्धं आणि क्रांत्या ह्यांवर त्यांची जाडजूड पुस्तकं होती, आणि आता इतिहासाने दुर्लक्षिलेल्या माणसांवर ते एक नवं लिहीत होते. दुर्लक्ष झालेली माणसं त्यांनी कशी शोधली? ज्या माणसांबद्दल वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येतं, ती निवडली. दुकानात इस्त्रीच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी दोन तास काकूंना प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरंही स्वतःच दिली.

पुस्तक आलं. सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं. "त्या नववधूने आपल्या संसाराची एकमेव खूण हसतमुखाने क्रांतीच्या चरणी अर्पण केली. खिडकीतून तिने उच्चारलेले आशीर्वादाचे शब्द इतिहासाला ऐकू आले नाहीत."

"गल्लीला तर ऐकू आले होते!" काकू म्हणाल्या.

पुढे चार पानं नुसती त्या भोकावर. क्रांतीची पहिली गोळी, जनतेच्या छातीवरची जखम, असं बरंच काही. काकूंनी सरांना गाठून सांगितलं, "सर, ती गोळी नाही हो. आमच्या ह्यांनी आरशासाठी खिळा ठोकला होता."

सर खूप वेळ हसले. "काकू, साधी माणसं अशीच विनम्र असतात. हे पुढच्या आवृत्तीत घालतो."

"आणि कपाट ज्याने नेलं, त्याला तुम्ही 'एक अज्ञात टपाल कर्मचारी' म्हटलंय. अज्ञात कसला? माझा नवरा होता तो."

"अज्ञात म्हटलं की वाचकाच्या मनाला भिडतं," सर म्हणाले.

प्रकाशन संग्रहालयातच होतं. दुर्लक्षित माणसांना बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत, ती मागे भिंतीशी उभी राहिली. कपाटावर चढलेले ते पुढारी आता मंत्री होते आणि दोघांनी धरल्याशिवाय व्यासपीठावरही चढत नव्हते. ते म्हणाले, "हे कपाट जनतेचं आहे!" काकू मागून ओरडल्या, "मग जनतेपैकी मी आलेय, घेऊन जाते!" केवढ्या टाळ्या पडल्या! फोटो काढले, काकूंच्या हातात पुस्तकाची आणखी एक प्रत दिली आणि संध्याकाळी दिवे मालवून कपाट कुलूपबंद केलं.

पुढे फार दिवस गेले नाहीत. जे कपाटावर चढले होते ते खुर्चीवरून उतरायला तयार नव्हते, तेव्हा शहरातली पोरं पुन्हा रस्त्यावर आली. पुन्हा तोच आरडाओरडा, पुन्हा तीच दारांवर थाप. काकूंच्या दारात कॉलेजातली एक मुलगी, मागे तिचे दोस्त. तिच्या काखेत सरांचं पुस्तक.

"काकू, तुम्हीच ना त्या?" ती धापा टाकत म्हणाली. "तुमचं प्रकरण वाचून तर आम्ही बाहेर पडलो! तुम्ही दिलंत तसं आज काही द्याल का?"

सून धावत जाऊन नव्या सोफ्यावर बसली, हातपाय पसरून. "आई, मी ह्यावरून उठणार नाही, सांगून ठेवते!"

"बस गं तू. त्या सोफ्याने काय अडणार आहे? आत सगळा भुसा." काकूंनी इस्त्री बंद केली आणि चपला घातल्या. "चला पोरांनो. संग्रहालयात एक भक्कम कपाट आहे, आणि त्याला अनुभव पण आहे."

संग्रहालयाचे साहेब केव्हाच घरी पळाले होते. पहारेकरी एकटाच. त्याचा गणवेश काकूच इस्त्री करायच्या. तो कपाटाकडे बघून म्हणाला, "हात लावू नये असं लिहिलंय, काकू." मग पोरांची ओढाताण बघवेना म्हणून स्वतःच एक कोपरा धरला. "अरे, मागून उचला! त्याचा एक पाय कमजोर आहे!"

कपाट पुन्हा रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं, आणि त्याला पाठ टेकून काकू स्टुलावर बसल्या. पोरांनी विनवलं, घरी जा. छे! मागच्या वेळी घरी बसले म्हणून हे झालं, त्या म्हणाल्या. समोर बंदुका घेऊन शिपाई येऊन उभे राहिले. निम्म्या गणवेशांच्या कडक घड्या काकूंच्याच हातच्या. त्यांचा अधिकारी कर्ण्यातून ओरडला, "बाजूला व्हा, नाहीतर गोळी चालवावी लागेल!"

काकू घाबरल्या होत्या, खोटं कशाला सांगा. पण तोंड शाबूत होतं. "चालव की! पलंगावर चालव, पिंपांवर चालव. ह्या कपाटाला आणखी एक भोक पडलं तर उद्यापासून तुझे कपडे तूच इस्त्री कर! आणि ती बाही कुणाकडून करून घेतलीस रे? दोन-दोन घड्या दिसतायत!"

शिपायांत हसू फुटलं. अधिकाऱ्याने बाही बघितली. माणूस एकदा स्वतःची बाही बघायला लागला की गोळीबाराचा हुकूम द्यायला त्याला जड जातं. तेवढ्यात बातमी आली की मंत्री मागच्या दाराने विमानतळावर गेले. दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि नाचत चौकाकडे पळत सुटली.

काकूंनी त्या मुलीचा दंड पकडला. "कुठे निघालीस?"

"काकू, आपण जिंकलो! तिथे भाषणं आहेत!"

"म्हणूनच. भाषण सुरू व्हायच्या आत हे घरी गेलं पाहिजे. नेलंत ना? मग आणून ठेवायचं पण. बोलाव चौघांना."

सूर्य मावळायच्या बेताला होता. चौघं कपाट वाहत होते आणि काकू मागून ओरडत होत्या, "मेल्यांनो, पाय नीट धरा!" सुनेने सोफ्यावरून उठून, सोफा ओढून जागा करून दिली.

कपाट भिंतीला टेकलं न टेकलं तोच इतिहासवाले सर धावत आले, हातात वही, कपाळावर घाम. "काकू, धन्य आहे तुमची! एकाच माणसाने दोन क्रांत्यांना एकच कपाट दिलं! नवी आवृत्ती काढतो!"

"दिलं नाही सर. आणलं." काकू खिडकीशी गेल्या. कट्ट्यावर काकांचा दाढीचा आरसा काका गेल्यापासून तसाच टेकलेला होता. त्यांनी तो पुसला. मग ट्रंक उघडून तळातून एक जुना खिळा काढला. अबोला सुटल्यावर काकांनी तो परत त्यांच्याच हातात देऊन ठेवला होता, "तुझा राग जाईल तेव्हा सांग," म्हणून.

खिळा त्यांनी दारातल्या भोकात धरला आणि हातोडी उचलली.

"अहो, काय करताय!" सर किंचाळले. "ती पहिली गोळी आहे! माझी चार पानं आहेत त्यावर!"

काकूंनी तीन ठोक्यांत खिळा बसवला आणि आरसा टांगला. तो उंच झाला, त्यांना त्यात नुसतं कपाळ दिसत होतं. काका उंच होते. काकूंनी आरसा खाली घेतला नाही.

"झाली हो संध्याकाळ," त्या आरशाकडे बघून म्हणाल्या, आणि खुर्चीच्या पाठीवरचे काकांचे सदरे घड्या घालून कपाटात ठेवायला लागल्या.