आमेनचा मान

ओब्दुलियो साबियोन प्रार्थनेला उभा राहिला की होंडुरासमधल्या एल रोब्लार गावची माणसं बाकाला घट्ट पाठ टेकून बसत. डुलकी लागली तर पुढे पडू नये म्हणून. ही टीका शेजाऱ्यांची नव्हे, त्याची स्वतःचीच. हल्ली तो ही हकीकत ज्याला त्याला सांगतो. अब्रू वेशीवर टांगायचीच तर ती सगळ्यांना नीट दिसेल अशी टांगावी, असं त्याचं म्हणणं.

धंद्याने तो खोगिरं शिवणारा. चर्चच्या मागच्या खोलीत एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवण असे, ते तो आणि त्याची बायको लेओकादिया चालवत. ती घेवड्याचं सूप करी, तोर्तिया म्हणजे मक्याच्या भाकऱ्या भाजत असे आणि तो जेवणाआधीची प्रार्थना करी. म्हणजे आदामापासून निघून, नोहाच्या तारवात मुक्काम करून, एलीया संदेष्ट्याला भेटून सावकाश भाकरीपर्यंत येई. तोवर सुपावर साय धरलेली असे.

हळूहळू म्हातारे गळायला लागले. शेवटी कास्तुलो आजोबाही येईनासे झाले. गावातला सगळ्यात वयस्कर माणूस, खेचरं हाकण्यात जन्म गेलेला. दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून कॉफीत बिस्कीट बुडवून खाई, पण शेजारी फुकटचं जेवण असून तिकडे फिरकत नसे. चर्चच्या पंचमंडळींनी मग सांगून टाकलं: ईस्टरपर्यंत माणसं परतली नाहीत तर जेवण बंद, खोली पोरांच्या बँडला सरावासाठी.

ओब्दुलियोला धसकाच बसला. खोगिरं शिवणाऱ्याला कोण विचारतो? त्या खोलीत मात्र तो कुणीतरी होता. आणि कास्तुलो बिस्किटावर दिवस काढतोय हेही त्याच्या मनाला लागत होतं. दोष कशाचा यावर त्याने पुष्कळ डोकं खाजवलं. बाक टोचतात, चढण अवघड आहे, लेओकादियाच्या हाताला मीठ जास्त आहे, अशी बरीच कारणं सापडली. स्वतःच्या तोंडाकडे काही नजर गेली नाही. आरसा समोर असला तरी माणूस भांगच बघतो.

सीमेपलीकडे, ग्वातेमालात चिकीमुला शहराच्या अलीकडे, त्यांच्या चर्चशी जोडलेली एक संस्था असंच जेवण घालत होती आणि तिथे म्हणे बसायला जागा पुरत नव्हती. पाळकांनी ओब्दुलियोला सांगितलं, जा, बघ आणि शिकून ये. हा शिकायला निघाला तो तीन प्रवचनं पाठ करून. शिवाय लग्नातला कोट घातला, कारण परदेशात होंडुरासची मान खाली जायला नको. कोटाचं बटण सीमेवरच तुटलं.

तिथली व्यवस्था एल्विदा नावाची बाई बघत होती. तिने त्याला खोली दाखवली. खरंच, पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे एकमेकांना कोपरं मारत हसत होते. ओब्दुलियोने आधी बाकांची उंची वितीने मोजली. मग पातेल्यात डोकावून मीठ किती घालता म्हणून विचारलं. ते तर त्याच्या बायकोपेक्षाही जास्त निघालं. बाक त्याच्याकडल्यापेक्षा वाईट होते, शिवाय एकाचा पाय विटेवर. त्याला काही उमगेना.

कोंबडीचा वाफाळता रस्सा वाढून झाला आणि एल्विदाने पाहुण्या भावाला प्रार्थना करायला सांगितलं. याचीच तर तो वाट बघत होता. डोळे मिटले, हात वर केले आणि सुरुवात झाली. आदाम झाला. नोहाने तारवात पाऊल टाकलं, एवढ्यात टेबलाच्या टोकाकडून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन."

आता, आपल्याकडे चर्चमध्ये बोलणाऱ्याला मधेच आमेन मिळणं म्हणजे टाळ्याच. ओब्दुलियोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मागून सगळ्या खोलीने आमेन म्हटलं, तसा तो आणखीच रंगात आला. एल रोब्लारमध्ये एवढी दाद कधी मिळाली नव्हती. चमच्यांचा आवाज येत होता, पण तो त्याला भक्तीच्या भरात वाजवलेल्या टाळांसारखा वाटला. म्हातारी पुन्हा म्हणाली, "आमेन, लेकरा." हा एलीयाकडे वळला.

डोळे उघडले तेव्हा बश्या रिकाम्या होत्या. लोक तोर्तियाने तळ पुसत होते. म्हातारीने, तिचं नाव त्रान्सितो आजी, त्याच्या बशीकडे बोट केलं आणि ती तंगडी तो खाणार आहे की उपासच धरलाय, असं विचारलं. सगळी खोली खो खो हसली. ओब्दुलियो कोटासकट खाली बसला.

एल्विदाने मग सांगितलं की इथे प्रार्थना कुणीही करो, आमेनचा मान टेबलावरच्या सगळ्यात वयस्कर माणसाचा. त्याने आमेन म्हटलं की प्रार्थना संपली, मग बोलणारा पाळक असो की बिशप.

"तुमच्याकडे आमेन कुणाचं?" आजीने विचारलं.

"माझंच."

"प्रार्थना तुझी आणि आमेनही तुझं?" आजी त्याच्याच बशीतली तंगडी उचलून सोलत म्हणाली. "मग त्या बिचाऱ्यांनी काय करायचं रे?"

बसमध्ये सबंध वाट तो धुमसत होता. पाळकांना द्यायच्या अहवालात बाकाच्या विटेबद्दल लिहायचं आणि बाकी गिळून टाकायचं, असं त्याने ठरवलंही. पण घरी आल्यावर लेओकादियाने काय शिकलात म्हणून विचारलं आणि त्याला खोटं सुचेना. त्याने सगळं सांगितलं, तंगडीसकट. ती हाताआड हसली नाही, चांगली तोंडावर हसली. मग म्हणाली, "तुमची प्रार्थना चालू असते तेव्हा मी ते सूप पुन्हा पुन्हा चुलीवर चढवते. कधी मागे वळून बघितलंत?"

त्याने बघितलं नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले असत ना.

दुसऱ्याच दिवशी तो दुकानाच्या पायरीवर कास्तुलोशेजारी जाऊन बसला. म्हाताऱ्याने स्पष्ट सांगितलं की देवावर त्याचा राग नाही, पण थंड सूप त्याच्या पोटाला मानवत नाही आणि जेवायला येऊन मान खाली घालून ताटकळायचं हे आता या वयात जमायचं नाही. ओब्दुलियोने त्याला आमेनचा मान देऊ केला. कास्तुलोने बिस्कीट खाली ठेवलं. "तू आदामाचा आ म्हणालास आणि मी आमेन म्हटलं, तर?"

"तर जेवायला बसायचं."

बातमी गावभर झाली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी खोली भरली. लोक जेवायला नव्हे, ओब्दुलियोच्या तोंडाला कुलूप लागताना बघायला आले होते. पंचमंडळींपैकी दोघे दारात उभे राहिले, आत जागाच नव्हती. सूप वाढलं. ओब्दुलियो उठला, "प्रभू," म्हणाला आणि आता फटका बसणार म्हणून थांबला.

आमेन येईना. त्याने एक डोळा उघडला. कास्तुलो निवांत बसला होता.

"आजोबा, आमेन?"

"बोल की," कास्तुलो म्हणाला. "आजवर ऐकावं लागत होतं. आज तुला थांबवणं माझ्या हातात आहे, तर जरा ऐकावंसं वाटतंय."

सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि खरंच ऐकत होते. ओब्दुलियोने मनात आदामाला हाक मारली, नोहाला मारली. कुणी आलं नाही. पहिल्यांदाच त्याने उघड्या डोळ्यांनी प्रार्थना केली.

"देवा, ही माणसं परत आली," तो म्हणाला, आणि पुढे त्याला रडूच आलं.

कास्तुलोने थोडा वेळ वाट बघितली. "झालं?"

ओब्दुलियोने मान डोलावली.

"आमेन," म्हातारा म्हणाला, आणि बाकावर सरकून त्याने ओब्दुलियोला जागा केली.