औंधच्या वाटेवर वाजलेली घंटा

दर नवरात्रात आमच्याकडे कोणी ना कोणी ती गोष्ट काढतेच. यमाईने एका अंथरुणाला खिळलेल्या भक्तिणीची मोटार उताराच्या तोंडाशी कशी अडवली, कोणी हात न लावता घंटा कशी वाजू लागली, आणि देवीची खूण ओळखून ड्रायव्हरने कसे प्राण वाचवले. तो ड्रायव्हर मी. गोष्ट संपली की बायका पाया पडायला पुढे येतात आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. मला मात्र त्या वेळी एकच शंका छळते. देवीची कृपा झाली यात मला संशय नाही. पण ती ज्याच्या हातून आली त्याला बाजूला सारून मी तिच्यापुढे उभा राहिलो, तर माझे हात जोडणे तिच्यापर्यंत पोचले असेल का? आता डोळे अधू झाले आहेत. लिहिता येते तोवर जे घडले ते घडले तसे सांगतो.

माझे मालक आण्णा हे सांगलीतले गुळाचे अडते. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. अर्धांगवायूने आक्कांची उजवी बाजू गेली होती आणि जीभही जड झाली होती. औंधच्या यमाईला एकदा जाऊन यायचे, एवढीच त्यांची इच्छा. पण बसता येत नसलेल्या बाईला त्या रस्त्याने न्यायचे कसे? महायुद्ध नुकतेच संपले होते आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या. आण्णांनी मला पुण्याला पाठवले आणि माझ्या शब्दावर जखमी सैनिकांना नेणारी एक गाडी घेतली. आत आक्कांसाठी पलंग बसवला, पाण्याची टाकी, स्टोव्हची फळी, बल्ब आणि छोटा पंखा लावला. पेठेतले लोक थट्टा करायचे, "आण्णा, घराला चाकं लावलीसा, आता उंबऱ्याला नमस्कार कुटं करायचा?" आण्णा हसायचे. "तुमच्या दारात आणून हुबी करतो, तवा करा."

विजेचे काम मिरजेच्या बाबालाल मिस्त्रींनी केले. मितभाषी माणूस, पण बोलला की टोमणा असायचा. एकदा काम करताना त्यांनी पाहिले की आक्का कोणाला बोलवायचे झाले तर डाव्या हाताने तांब्या पलंगावर आपटतात. दुसऱ्या दिवशी ते एक विजेची घंटा घेऊन आले. ती ड्रायव्हरच्या डोक्याशी बसवली आणि तिचे बटण आक्कांच्या डाव्या हाताशी. कोणी सांगितले नव्हते. आण्णांनी विचारले तेव्हा म्हणाले, "तांब्याला पोचं पडाय लागलं हुतं, म्हनून लावली." आक्का त्या दिवशी कितीतरी वेळ बटण दाबत होत्या आणि लहान मुलीसारख्या हसत होत्या.

थोड्याच दिवसांत दिवे त्रास देऊ लागले. बल्ब मिणमिणायचा, पंखा मध्येच थांबायचा, गाडी चालू करताना सगळेच मंद व्हायचे. मी तारा तपासल्या, फ्यूज बदलले. बाबालाल आले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "तारंत कायबी खोट न्हाई. वीज जाती तारेतनं, पर माघारी येती गाडीच्या लोखंडातनं. ती माघारची वाट बिघडलीया. खाली शिरून लोखंड घासून बघ, गड्या."

मी खाली शिरलो. गाडी बहुधा बंदरावर खाऱ्या हवेत पडून होती. त्यात आमच्या टाकीचे पाणी झिरपून खालच्या सांगाड्यावर ओघळत होते. हिरव्या रंगाचे पापुद्रे सोलले तर आत गंजाचे थर. हातोडी मारली की चांगले लोखंड खणखणते, इथे मात्र मातीच्या भिंतीसारखा आवाज आला. पलंगाच्या खाली, डाव्या बाजूच्या लांब पट्टीत पेचकस नुसत्या दाबाने आत गेला. मी तो बाहेर काढला आणि तसाच पडून राहिलो. ही गाडी मी निवडली होती. "पोलादासारखी हाय, आण्णा," हे माझेच शब्द होते. लिलावाच्या दिवशी मी चाके पाहिली, इंजिन ऐकले, आणि अंगावरचा कोट खराब होईल म्हणून खाली वाकलोच नव्हतो.

बाहेर येऊन मी आण्णांना सांगितले की मिस्त्रींनी जुनी तार वापरली आहे. का सांगितले, याचे उत्तर मी आयुष्यभर शोधले. तेव्हा ते फार सोपे वाटले, एवढेच आठवते. आण्णांनी बाबालालना बोलावून चार शब्द सुनावले. बाबालालनी माझ्याकडे पाहिले. "तू खाली शिरला हुतास न्हवं?" एवढेच विचारले. मी म्हणालो, "व्हय. सगळं ठीक हाय." ते पिशवी उचलून गेले. पेठेत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि सांगलीत त्यांना पुन्हा कोणी काम दिले नाही.

नंतर मी बॅटरीपासून दिव्यांपर्यंत परतीची वेगळी तार ओढली. बल्ब लख्ख लागला, पंखा गरगर फिरला. रोग तसाच राहिला, फक्त त्याचे कण्हणे बंद झाले. खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी आम्ही हत्यारे पूजेला मांडतो, आणि दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावत नाही. मी माझे पाने आणि हातोड्या घटस्थापनेलाच धुऊन मांडून टाकल्या. आण्णा कौतुकाने म्हणाले, "पोराची भक्ती बघा." खरे कारण एवढेच की मला सांगाडा उघडायचा नव्हता. खालच्या गंजावर मी डांबर फासले. पूजेच्या दिवशी गाडी वरून झेंडूने पिवळी आणि खालून काळी कुळकुळीत दिसत होती. आक्का मात्र म्हणायच्या, "डोकं... खाली जातंय." मी पलंगाच्या पायाखाली पोत्याची घडी सारली.

दसऱ्याला पूजा उचलून आम्ही निघालो. मी, माझ्याशेजारी आण्णा, आणि मागे आक्का. विटा गाव सोडले आणि रस्ता खडबडीत झाला. पुढे ओढ्याकडे जाणारा एक तीव्र उतार होता. तो दिसू लागला आणि माझ्या डोक्याशी घंटा वाजली. गाडी थांबवून आण्णा मागे गेले. आक्का म्हणाल्या, "मी न्हाई." त्यांचे दोन्ही हात छातीवर होते. गाडी हलली की घंटा वाजायची, थांबली की गप्प व्हायची. तिसऱ्यांदा ती वाजली ती थांबेचना. आण्णांनी हात जोडले. "यमाई बोलावती रं." मला मात्र राग आला होता. मला तिच्यात बाबालालचे टोचून बोलणे ऐकू येत होते. तार तोडून टाकायची आणि उतार उतरायचा, असे ठरवून मी पक्कड काढली.

शेजारच्या बांधावर एक बाई गवत कापत होती. ती कमरेवर हात ठेवून मोठ्याने हसली. "आवं डायवर, ह्यो काय तमाशा लावलाय?"

"तू तुजं गवत काप, बाई."

"कापती की. पर तुमची गाडी जुन्या सुंबाच्या बाजंवानी मधी झोळलीया, ती बघा आदी. आत कोन बाळंतीन हाय का काय?"

मी बांधावर चढलो. आत बसून, खाली शिरून जे दिसत नव्हते ते तिथून उघड दिसत होते. गाडीचा मधला भाग खचला होता, आणि मागचे दार तिरके झाले होते. मी खाली वाकलो. डांबर फासलेली पट्टी फाटून उघडी पडली होती. गाडी हलली की घंटेची तार त्या फटीत चेंगरत होती, तिचे वेष्टण फाटून ती लोखंडाला टेकत होती, आणि बटण दाबल्यासारखी घंटा वाजत होती. समोर उतार होता. माझ्या हातात पक्कड होती.

आण्णांनी विचारले, "काय रं?"

"आक्कांना उतरवू या," एवढेच मला बोलता आले.

त्या बाईने हाका मारून वस्तीवरची माणसे गोळा केली. तिने आपल्याच घरची बाज आणली, आणि आक्कांना खाली घेताना सारखी बजावत होती, "डोकं धरा, भाड्यांनो, पोतं न्हाई ते." आक्का बाजेवर आल्यावर मी गाडी कडेला घेण्यासाठी जेमतेम हलवली. मोठा कडाका झाला आणि पलंगाच्या बरोबर खाली सांगाडा मोडून जमिनीला टेकला.  सगळ्यांनी एकदम यमाईचा उदो केला. मी चाकाजवळ बसलो. 

वस्तीवरच्या माणसांनी पाळीपाळीने बाज खांद्यावर घेतली आणि आक्का औंधला पोचल्या. त्या बाईचे नाव विचारायचे आम्हाला सुचले नाही. दर्शन झाल्यावर आण्णांनी देवळातच माझ्या अंगावर शाल घातली आणि जमलेल्यांना सांगितले की देवीची खूण या पोराने ओळखली. तोंड उघडायची ती वेळ होती. मी देवीकडे पाहिले आणि शाल सावरून घेतली. आक्का बाजेवरून माझ्याकडे बघत होत्या. जड जिभेने म्हणाल्या, "मिस्त्रीनं... लावलेली." आण्णा म्हणाले, "व्हय, पर वाजवली देवीनं." सगळे हसले. आक्का हसल्या नाहीत. त्या वारेपर्यंत मला नेहमी जेवलास का विचारायच्या, पण त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत. आण्णाही गेले, आणि मी त्यांना कधी सांगितले नाही.

पुढे पुष्कळ वर्षे मी देवीला नवस बोलत राहिलो, माझ्या मनाला शांती दे म्हणून. शांती मिळाली तर कबुली द्यायची, असा सौदाच तो. यंदा समजले की सौदा करणारा शरण गेलेला नसतो. मी मिरजेला गेलो. बाबालाल कधीच वारले होते. त्यांचा मुलगा, तोही आता म्हातारा, दारातच भेटला. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "च्या घेनार का?"

चहा पिताना तो म्हणाला, "आब्बांनी तुमचं नाव कवाच काढलं न्हाई. निस्तं म्हनायचे, सांगलीला मला जायचं न्हाई. आईचं माहेर सांगलीचं, पर तिथल्या लग्नालाबी गेले न्हाईत." मग त्याने विचारले, "तुमाला माफी पायजे का?"

मी म्हणालो, "ती मागायला आलो होतो. आता मागवत नाही."

"बरं केलंत. ती माज्याकडं न्हाई. ज्याची हुती तो घेऊन गेला." त्याने कप उचलले. "पर असं करा. ही गोष्ट तुमी हितं, माज्या घरात सांगितलीसा. जिथं देवीची म्हनून सांगत्यात तिथं सांगा. आब्बांचं नाव घेऊन."

म्हणून हे लिहिले. देवीने त्या दिवशी आक्कांना वाचवले हे मी आजही मानतो. तिने ते मिरजेच्या एका मिस्त्रीच्या मायेतून आणि गवत कापणाऱ्या बाईच्या थट्टेतून केले, आणि मी दोघांचीही कदर केली नाही. कृपा आपल्या नावावर लावून घ्यायची नसते, ती आली तशी पुढे द्यायची असते. मला माफी मिळालेली नाही, आणि ती न मिळता जगायचे हेही आता मी तिच्यावर सोपवले आहे. यंदाच्या नवरात्रात गोष्ट सांगणाऱ्याने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "थांबा. त्यात एक माणूस राहिलाय. बाबालाल मिस्त्री, मिरजेचे. त्यांच्या कामात काही खोट नव्हती."