न उघडता केलेली स्तुती

सहकाऱ्यांनी पाठवलेल्या लिंक न उघडताच मी त्यांची स्तुती करीत असे, हे मी आजवर लपवले. आमच्या शाळेच्या ऑनलाइन फलकावर शिक्षक पाठांना उपयोगी व्हिडिओ डकवतात. वैद्यबाईंच्या ‘ज्वालामुखी’ या व्हिडिओखाली मीच लिहिले होते, ‘वर्गात दाखवला. मुले भारावून गेली.’ त्या विश्वासावर बाईंनी तो आज पालकसभेत लावला, आणि पडद्यावर कैरीच्या लोणच्याची फोडणी तडतडू लागली. फलकावर घाईत त्यांनी मुळातच भलतीच लिंक डकवली होती.

पूर्वी न वाचलेल्या पुस्तकाची स्तुती करायलाही ते निदान हातात धरावे लागे. आता एक बोट पुरते.

पालक हसत होते. बाईंचा चेहरा पार उतरला होता.

“सर, तुमची मुलं नेमकी कशानं भारावली हो?” त्यांनी विचारले.

मी उभा राहिलो. “बाई, मी तो उघडलाच नव्हता. सर्वांसमक्ष तुमची माफी मागतो.”