मास्तरांच्या टोपीतला छंद

छंद ही काय भानगड असते हे मला मॅट्रिकच्या वर्षी कळलं. त्याआधी आमच्या वलगावात कोणाला छंद असल्याचं मी ऐकलं नव्हतं. नाद होते, ते ढीगभर. पण नाद वेगळा आणि छंद वेगळा, असं आमचे इंग्रजीचे मास्तर म्हणायचे, आणि परीक्षेत छंदच विचारतात, नाद नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. कारभार नागपूरचा, म्हणून आमची इंग्रजीची तोंडी परीक्षा घ्यायलाही नागपूरचाच माणूस अमरावतीला यायचा. आदल्या वर्षी झालं असं, की छंद विचारल्यावर झाडून सगळ्या पोरांनी ‘वाचन’ असं उत्तर दिलं, आणि साहेबानं काय वाचलं विचारताच सगळ्यांनी वर्गातल्याच धड्याचं नाव घेतलं. शाळेची अब्रू गेली. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. आमच्या वर्षी त्यांनी प्रत्येकासाठी वेगळा छंद चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठ्या आपल्या काळ्या टोपीत टाकल्या आणि म्हणाले, ‘‘उचला. आला तो छंद. दहा वाक्यं लिहा अन् पाठ करा.’’

माझ्या चिठ्ठीवर मासेमारी आली. माझ्या सोबत्याच्या चिठ्ठीवर बागकाम.

हा सोबती माझ्याच गावचा, शेतकऱ्याचा पोरगा. आम्ही दोघंच वलगावचे त्या वर्गात. सोमवारी पहाटे भाकरी बांधून अमरावतीला चालत जायचं, आठवडाभर एका खोलीत राहायचं, शनिवारी परत. चिठ्ठ्या उचलल्या त्या शनिवारी वाटेत मी त्याला म्हटलं, ‘‘आमच्या घरी तुळशीची माळ हाय. बाबांसमोर मासोळीचं नाव काढता येत नाही. अदलाबदल करतं का?’’

‘‘दे इकडे,’’ तो म्हणाला. ‘‘मले काय, मासोळी काय अन् मुळा काय, सारखंच.’’

खरं सांगतो, माळ हे निमित्त होतं. बाबांना इंग्रजीतली मासोळी कुठं कळणार होती? आमचा धंदाच भाजीपाल्याचा. वांगी, मेथी, गेंदाची फुलं, सगळं मला तोंडपाठ, दहा वाक्यं घटकाभरात झाली असती. मला कष्ट नको होते, एवढंच. घरी सांगितलं तेव्हा बाबा उलट हसले. ‘‘वांग्याले पानी देनं हा शौक असते का बे? मंग मी लय शौकीन मानूस हाय!’’

मी पाठांतर उरकून मोकळा झालो. तो मात्र अडला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हीच त्याची अडचण. ‘‘साहेबानं विचारलं, गळाले काय लावता, तं काय सांगू?’’ म्हणून दर रविवारी तो पेढी नदीवर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयाजवळ जाऊन बसायला लागला. भोयानं त्याला बांबूची काडी दिली, गांडूळ लावायला शिकवलं. दोरीला ज्वारीच्या वाळल्या धांड्याचा तरंगता तुकडा बांधायचा, तो पाण्यात बुडाला की लगेच ओढायचं नाही, जरा दम धरायचा. हे सगळं तो इंग्रजीत लिहायचा, आणि सोमवारी अमरावतीच्या वाटेवर मी साहेब व्हायचो, तो उमेदवार. त्याच्या दहा वाक्यांची बावीस झाली. एक वाक्य मास्तरांनी खोडलं होतं, पण तो ते म्हणायचाच: लहान मासा मी परत पाण्यात सोडतो, कारण त्याची आई वाट पाहत असते. हे म्हणताना त्याला दर वेळी हसू यायचं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भोई तापानं पडला होता, म्हणून तो एकटाच नदीवर गेला. दुपारी गुराख्यांना काठावर त्याचा सदरा दिसला, घडी करून ठेवलेला. गळ खाली कशात तरी अडकला असावा आणि तो सोडवायला हा पाण्यात उतरला असावा. पोहता त्याला येत नव्हतं. संध्याकाळी डोहातून काढला.

गावानं म्हटलं, आसरांनी नेला. आमच्याकडे डोहात आसरा असतात, त्यांना एखादा पोरगा आवडला की ओढतात म्हणे. त्याची आई, मी तिला काकी म्हणायचो, ती मात्र आसरांचं काही ऐकून घेईना. ती एकच विचारत होती. ‘‘माह्या पोराले नदीचा नाद कोनं लावला? आमच्या घरात कोनाले हाय का मासोळीचा नाद?’’ येईल त्याला विचारायची. दहाव्या दिवशी तिनं मलाही विचारलं. ‘‘तू तं रोज संग राहे. तुले माईत असंन. कोनं लावला रे?’’

मी म्हटलं, ‘‘माईत नाही, काकी.’’

‘‘ज्यानं लावला, त्याचं वाटोळं होईन,’’ ती म्हणाली, आणि मला चहा दिला. मी तो प्यालो. शेवटी गावानं भोयालाच धरलं. पोराला नाद लावला म्हणून त्याला सुगीत कोणी दाणे देईना. म्हातारा धारणीकडे लेकीच्या घरी निघून गेला, आणि तेव्हाही मी काही बोललो नाही. माझ्यासारखा भेकड मीच पाहिला.

सोबती बुडाला त्या दिवसापासून अमरावतीची वाट मी एकटा चालायचो. म्हणजे, मी तसं समजायचो. बागकामाचं पहिलं वाक्य म्हणायला घ्यावं, तर मागून मासेमारीचं पहिलं वाक्य यायचं. मागं वळून पाहिलं की काही नसायचं, काळी जमीन आणि कपाशीची पऱ्हाटी. पुढं पुढं मी वळायचंही सोडलं. तो बावीस वाक्यं संपवायचा, मगच गप्प व्हायचा. कोणाला सांगणार? माय म्हणाली असती, बाहेरचं लागलं, आणि लिंबू उतरवून टाकलं असतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी मी बागकाम तीनदा म्हणून पाहिलं, एक शब्द चुकला नाही. आत गेलो. परीक्षक वयस्कर होते, चष्मा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. नाव-गाव झालं. मग त्यांनी छंद विचारला.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, ‘‘माय हॉबी इज फिशिंग, सर.’’

बाप्पा रे! ते मी म्हटलं नव्हतं. म्हणजे तोंड माझं होतं, पण ठेका त्याचा होता. मला थांबता येईना. काडी, गांडूळ, धांड्याचा तुकडा, सगळं येत गेलं. लहान माशाच्या आईचं वाक्य आलं तेव्हा परीक्षक हसले, त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘‘एकटाच जातोस का?’’

‘‘नाही सर. सोबती असतो.’’

‘‘तोही परीक्षेला आहे का?’’

‘‘हो सर. बाहेर आहे.’’

‘‘मग त्याला पाठव,’’ साहेब म्हणाले. ‘‘दोघांचं जुळतं का पाहू.’’

मी बाहेर आलो. व्हरांड्यात पोरं ओळीनं उभी होती, आणि मी चक्क त्याला शोधायला लागलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. पाणपोईच्या माठापाशी कोणीतरी ओल्या पायांनी उभं राहून गेलं होतं, फरशीवर पावलं उमटली होती. माठाशी पाणी सांडतंच, हे काय मला कळत नव्हतं? तरी त्या पावलांना वळसा घालूनच मी परतलो. शिपायानं पुढच्याचं नाव पुकारलं आणि तो मुलगा आत गेला.

मी पास झालो. तोंडी परीक्षेत शाळेत सगळ्यात वर माझंच नाव होतं. त्याच जोरावर अकोल्याच्या कचेरीत मला नोकरी लागली, आणि जायच्या आदल्या दिवशी माय म्हणाली, काकीच्या पाया पडून ये, गूळ घेऊन जा.

काकी ओसरीवर तुरी पाखडत बसली होती. तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला, सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, ‘‘तो इथंच बसून इंग्रजी बोलत राहे. मले काही समजे नाही, पन कानाले बरं वाटे. त्यानं साहेबाले जे सांगतलं असतं, ते तुले येत असंन ना? मले म्हनून दाखव.’’

मी बसलो आणि म्हणून दाखवलं. बावीसच्या बावीस वाक्यं. ती डोळे मिटून ऐकत होती. लहान माशाचं वाक्य आलं तेव्हा ती किंचित हसली, कारण तिथं तो हसायचा हे तिला ठाऊक होतं. संपल्यावर मला राहवेना. मी शेवटी माझं एक वाक्य जोडलं, इंग्रजीतच. इतके दिवस छातीत अडकलेलं होतं, ते तिच्यासमोर बोललो, आणि तिला कळणार नाही या भरवशावर बोललो.

काकीनं डोळे उघडले. ‘‘शेवटचं पुन्हा म्हन.’’

मी पुन्हा म्हटलं.

‘‘हे तो म्हनत नोयता,’’ ती म्हणाली. ‘‘हे काय हाय?’’

सांगायचं असतं तर तेव्हाच. ती माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही, नुसती वाट पाहत. मी म्हटलं, ‘‘काकी, साहेबाचे आभार मानाचं वाक्य हाय ते.’’

‘‘असं का,’’ ती म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा अकोल्याहून गावी गेलो, तेव्हा तेव्हा तिनं ते सगळं माझ्याकडून म्हणवून घेतलं. शेवटचं वाक्यही ती सोडू देत नसे. ‘‘ते आभाराचं राहिलं,’’ म्हणायची. ती गेली तोवर मी ते तिला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. मराठीत एकदाही नाही. मराठीत ते असं आहे: काकी, ती चिठ्ठी माझी होती, मीच त्याला दिली.