लाल रेघांखालची मराठी

कोणाच्याही घरी गेले, की आमचे गादीवाले आधी खुर्चीची बैठक अंगठ्याने दाबून बघत. मग "परवागिल्ला" म्हणून बसत. म्हणजे, चालेल. सगळंच चालणारं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

म्हैसूरला मंडी मोहल्ल्यात त्यांचं गाद्यांचं आणि सोफ्यांचं दुकान होतं. पूर्वज इथल्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरची मराठी अर्धी कानडी. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, कुवेंपुनगरातल्या आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस.

दुपारी दुकानात कापसाचे तंतू उन्हात तरंगत असायचे. त्यात डोळे मिटून ते जुन्या काळच्या एका फ्रेंच नाटककाराची गोष्ट सांगत. "तोबी गादीवाल्याचा पोर, सार. बापाचं दुकान सोडलं, गावोगाव नाटकं केली. मोठ्या लोकांना हसला, तर नाटकच बंद केलं त्याचं. शेवटी आजाऱ्याचं सोंग करताना खरा खोकला आला. लोक हसले. त्याच रात्री गेला तो. अल्वा?" अल्वा म्हणजे, हो ना. सांगता सांगता ते फार लांब कुठेतरी जात, आणि मलाही नेत.

त्याच्यावर त्यांनी नाटक लिहिलं. आयुष्यातलं एकच. मंडळाच्या कार्यक्रमात करायचं म्हणून वही माझ्याकडे आणली. मी लाल पेन घेऊन ती शुद्ध करत बसलो, एक पान सोडलं नाही. त्यांनी वही चाळली. "आमच्या घरात असं बोलत नाहीत, सार. परवागिल्ला."

प्रयोगासाठी खुर्ची त्यांनीच बनवली. तीत बसून सुरुवातीला माझी मराठी बोलले, अडखळले. सभागृह गार. मग त्यांनी डोळे मिटले, बैठकीवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "बापानं गादी दिली. मी म्हटलं, झोप बेडा." मागे जुन्या घराण्यांतली माणसं होती, आमच्या कार्यक्रमांत कधी न हसणारी. ती खदखदून हसली. पुढचं सगळं नाटक त्यांच्याच बोलीत झालं. ते खोकले, तेव्हा आम्हीही हसलो. काय अभिनय, म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

तो अभिनय नव्हता. कापसाने छाती भरली होती. उन्हाळ्याच्या आत ते गेले.

परवा त्यांची मुलगी आली. "अप्पांचं नाटक परत करणार आम्ही, अंकल. त्यांच्याच मराठीत. वही तुमच्याकडे आहे, अल्वा?"

आहे. लाल रेघांखालचे त्यांचे शब्द अजून वाचता येतात. मंडळात राहिलेल्या त्यांच्या खुर्चीत बसून मी ते एकेक उतरवून घेतोय. लाज वाटते, आणि मध्येच हसूही येतं. काल 'झोप बेडा' सापडलं. त्यावर माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'निद्रा नको'.

लाल पेनानेच मी माझे शब्द खोडले.