देव्हाऱ्याखालचा कॉम्प्युटर

"कोणी हात लावला?"

घरात काहीही बिघडलं की काकांचा हा पहिला प्रश्न. नळ गळो, दूध नासो, घड्याळ मागे पडो. विचारताना चष्मा कपाळावर चढवायचे आणि फक्त सुनेकडे बघायचे. तुमच्याही वाडीत असा एक गृहस्थ असेलच. चारचौघांत देवमाणूस, उंबऱ्याच्या आत फौजदार.

गिरगावातल्या आमच्या चाळीत ते माझे शेजारी. मी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून चाळीचा फुकटचा डॉक्टर. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर चालता चालता फटकन बंद पडायला लागला, तेव्हा मला बोलावणं आलं.

"हिनेच काहीतरी दाबलं असणार," काका म्हणाले. "हिचा हात लागला की वस्तू टिकत नाही."

सून भाजी चिरत होती. तिने पुढची जुडी ओढली.

मी सीपीयू उघडला. आतला पंखा राखेने आणि चिकट काजळीने जाम झाला होता. दीड खोलीचा संसार, त्यामुळे भिंतीवर देव्हारा आणि बरोबर त्याच्याखाली कॉम्प्युटर. काका रोज तिन्हीसांजेला धूप घालायचे आणि मग धुपाटणं सीपीयूच्या मागे सरकवायचे, कोणाचा पाय लागू नये म्हणून. पंखा बिचारा सगळा धूर आत ओढायचा.

"काका, हे तुमच्या धुपामुळे होतंय. पंखा अडकला की मशीन तापतं आणि बंद पडतं. धुपाटणं दुसरीकडे ठेवा."

"देवाच्या धुपाने कधी कोणाचं वाईट झालंय का रे?"

असं म्हणाले, पण ऐकलं. पुढचा महिनाभर कॉम्प्युटर कुरकुर न करता चालला.

सुनेला तो चालायलाच हवा होता. सासूच्या आजारपणात तिने नोकरी सोडली होती. सासू गेल्यावर नोकरी काही परत मिळेना. शेवटी एका कंपनीने घरूनच परीक्षा द्यायला सांगितलं. कॅमेऱ्यासमोर बसायचं, मान वळवायची नाही, कोणाशी बोलायचं नाही, मध्येच तुटलं तर संधी गेली. काकांना हे पसंत नव्हतं. "घरात काय कमी पडतंय? आणि माझ्या जेवणाचं काय?" हे त्यांनी मलाही ऐकवलं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने हाक मारली म्हणून मी धावलो. स्क्रीन काळा. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. खोलीत धूर कोंडला होता. सीपीयूवर काकांचा पंचा टाकलेला आणि मागे धुपाटणं, निखारे अजून लाल.

"वास आला हो दादा," ती म्हणाली. "पण मान वळवता येत नव्हती."

"शुभ काम होतं, म्हणून सकाळीच धूप घातला. त्यात काय चुकलं?" काका म्हणाले. मग चष्मा कपाळावर गेला. "कोणी हात लावला?"

महिनाभर लक्षात राहिलेली गोष्ट नेमकी त्याच सकाळी कशी विसरली, ते तुम्हीच ठरवा. मी तेव्हाच ठरवलं. असा संताप मला कधी आला नव्हता.

थोड्याच दिवसांत काकांचा मुलगा आणि सून वडाळ्याला भाड्याने राहायला गेले. कॉम्प्युटर त्यांनी नेला नाही.

मग काकांचे मुलाला फोन सुरू झाले. "कॉम्प्युटर बंद पडतोय रे, बघायला ये." मुलगा यायचा नाही, मला सांगायचा. मी जायचो, पंखा साफ करायचो. दर वेळी आत ताजी राख. धुपाटणं पुन्हा मागेच. म्हातारा मुद्दाम बंद पाडत होता, कोणीतरी यावं म्हणून. मला कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

शेवटच्या वेळी मी समोर असतानाच त्यांनी स्पीकरवर फोन लावला. उचलला सुनेने.

"सूनबाई, अगं, परत बंद पडलाय बघ. या ना दोघं रविवारी. तुझ्या हातची आमटी खाऊन किती दिवस झाले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिने अगदी शांतपणे विचारलं, "कोणी हात लावला, बाबा?"

फोन बंद झाला. काकांनी सवयीने चष्मा कपाळावर चढवला आणि खोलीभर बघितलं. माझ्याशिवाय बघायला कोणी नव्हतं. मी पंखा पुसून कॉम्प्युटर सुरू करून दिला आणि निघालो. पुढे काका एकटेच वारले, तेव्हा दार मीच उघडलं. कॉम्प्युटर चालूच होता, मागे धुपाटणं नव्हतं.