पंपघराच्या कोपऱ्यातला गाळ

प्रयोगशाळेत त्याला सगळे गाळोबा म्हणत. तळ्याच्या तळाचा काळा चिखल बरण्यांत भरून जिवंत ठेवायचा, हे त्याचं काम. बायको आधी त्याची नखं बघायची, मग ताट वाढायची.

दोन उन्हाळे सगळ्या तळ्यावर हिरवी साय धरत होती. तिच्यातून पाण्यात विष उतरायचं, उकळूनही न जाणारं. मासेमारी बंद झाली. गाळोबाच्या धाकट्या भावाची होडी काठावर पालथी पडली. तो ती विकायला निघाला, तेव्हा गाळोबानेच अडवलं.

त्याची भिस्त तळ्याच्या जुन्या पंपघराकडच्या कोपऱ्यावर होती. तिथे ही साय कित्येक वर्षं साचत आलेली. तिथल्या गाळातल्या सूक्ष्म जिवांना ते विष खायची सवय जडली होती. बरणीत विष टाकलं की आठवडाभरात साफ. तोच गाळ वाफवून मारला की विष जसंच्या तसं. हा गाळ हळूहळू तळ्यात सगळीकडे पसरवायचा, असं प्रयोगशाळेच्या मॅडमनी ठरवलं होतं. भावाला मात्र गाळोबाने थोडा दम धर एवढंच सांगितलं. चिखल विष खातो म्हटलं असतं, तर धाकट्याने जन्मभर टर उडवली असती.

मग नगरपालिकेने तळं साफ करायला काढलं. तो कोपरा सोडा, असं मॅडम नगरपालिकेतल्या साहेबांना दोनदा सांगून आल्या; ते बघू म्हणाले. धाकट्याला होडीसकट गाळ उपसायचं काम मिळालं. गाळोबा तेव्हा तापाने अंथरुणाला खिळला होता.

पाचव्या दिवशी धाकटा बघायला आला. वहिनीला म्हणाला, चहा कडक कर, आज कमाई करून आलोय.

"दादा, तुझा कोपरा पहिला घेतला. मुकादम मधून सुरू करा म्हणत होता. मी म्हटलं, आमचा दादा इतकी वर्षं तिथलीच घाण उचलतोय, म्हणजे खरं दुखणं तिथेच. दगड लागेपर्यंत खरवडला. आता तुला चिखलात हात घालायला नको."

गाळोबाने गाळ कुठे टाकला ते विचारलं. चुना मारून रस्त्याच्या भरावात गेला होता, वरून रोलरही फिरला होता.

बरण्यांत ओंजळभर उरला होता. ताप उतरायच्या आतच गाळोबाने तो तळ्याच्या मधल्या गाळात मिसळून नव्या बरण्या लावल्या. महिना गेला. विष हललं नाही. जिवंत गाळाचा आणि वाफवलेल्या गाळाचा आकडा सारखाच आला; परक्या गाळात ते जीव तगले नव्हते. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

धाकट्याने मासेमारी कधी सुरू होणार विचारलं, तेव्हा गाळोबाने सगळं सांगितलं, आत्ता कुठे पहिल्यांदा. धाकटा टर उडवेल म्हणून तो थांबलासुद्धा. धाकट्याने उडवली नाही.

"एकदा सांगायचंस, दादा. मी त्या कोपऱ्यात आडवा पडलो असतो."

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. होडी म्हणून नाही, लाकूड म्हणून नेतो, असं त्याने आधीच बजावलं होतं. धाकट्याने एका बाजूने धरली, गाळोबाने दुसऱ्या. ती टेम्पोत मावेना, तेव्हा गिऱ्हाइकाने करवत काढली.